सूचना : रविवारची हस्तकलेची बैठक पुढे ढकलली आहे

भगिनींनो, वाडीत घरोघरी ताप-खोकला आहे, म्हणून बैठक पुढच्या रविवारी घेऊ.

आमच्याकडेही चौघे आडवे. काल ताप जरा उतरल्यावर लेकीने जुन्या लग्नपत्रिकांच्या वाटीएवढ्या चकत्या कापल्या आणि सावंतवाडीच्या गंजिफासारखी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसारखी, पानं रंगवायला घेतली. हळदीचा पिवळा, कोकमाच्या आगळाचा लाल. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे १२० पानं असतात. आमचा मत्स्य झाला, कूर्म अर्ध्यावर आहे. घर किती दिवसांनी हसलं!

तुम्हीही अंथरुणावर बसून जमेल तेवढंच करा, दमलात की झोपा. फोटो ग्रुपवर टाका. कुणाला पेज किंवा औषधं हवी असतील तर निःसंकोच कळवा. ज्यांच्या घरी सगळे बरे आहेत, त्यांनी ती दाराशी नेऊन ठेवावीत.