मंत्रीमहोदया, तो ओटीपी त्याच्या फोनवर जातो

मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांना सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, लाडकी बहीण योजनेचा माझा हप्ता थांबला आहे. मी 42 वर्षांची आहे, शिवणकाम करते. ब्लाउज, पिको-फॉल, जूनमध्ये शाळेचे गणवेश. मुलगा दहावीला आहे. 2021 साली माझा घटस्फोट झाला. जुलै 2024 पासून आपल्या योजनेचे 1,500 रुपये येत होते आणि ते मुलाच्या क्लासला जात होते. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच संध्याकाळी मी सरांच्या हातात ते ठेवून येत असे. त्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत आणि ते मी मनापासून मानते.

पण सप्टेंबर 2025 मध्ये आपण केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, सुरू केली, तिथं माझं अडलं. माझा आधार नंबर टाकला, माझ्या फोनवर ओटीपी आला. पुढचा रकाना होता पती किंवा वडील यांच्या आधार क्रमांकाचा. वडील 2018 ला गेले. म्हणजे राहिला तो, माझा आधीचा नवरा. सेवा केंद्रातला पोरगा चांगला आहे, तो हळूच म्हणाला, "ताई, जुन्या कागदांत त्यांचा नंबर असेल ना? ओटीपी त्यांच्या फोनवर जाईल. तेवढा फोन करून विचारा."

तेवढा फोन. ज्या माणसाच्या मारानं माझ्या डाव्या कानाला आजही नीट ऐकू येत नाही, त्याला फोन करून सहा आकडे मागायचे. मी केंद्राच्या बाहेर लिंबाखाली अर्धा तास उभी राहिले. मागे रांग वाढत होती. शेवटी क्लासची फी डोळ्यांपुढे आली आणि लावला फोन. तो म्हणाला, "आता आली का गरज?" आणि ठेवला. आकडे मिळाले नाहीत ते नाहीतच, पण चार वर्षं जपून ठेवलेला माझा नवा नंबर त्याच्याकडे गेला. त्या रात्री साडेअकराला पहिला मिस्ड कॉल आला. आता आठवड्यातून दोन-तीनदा येतो. मी बोलत नाही, पण फोन बंदही ठेवता येत नाही, गिऱ्हाइकं त्याच नंबरावर येतात. मंत्रीमहोदया, हा रकाना ज्यांनी तयार केला, त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही का, की या बाईला नवरा नसेल, किंवा असून तिला त्याच्यापासून लपावं लागत असेल?

नोव्हेंबरात बातमी आली की घटस्फोटित बायकांनी कोर्टाच्या आदेशाची प्रत द्यावी आणि मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. प्रत म्हणजे सही-शिक्क्याची नक्कल. तिच्यासाठी जिल्ह्याला दोन हेलपाटे, दोन दिवस मशीन बंद. नक्कल अंगणवाडीच्या ताईंकडे दिली. त्या बिचाऱ्या ढीगभर कागद घेऊन बसल्या होत्या, त्यांनी पोच म्हणून माझ्याच वहीत सही करून दिली. पुढे काय झालं ते त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही.

तरी माझ्याकडे नक्कल आहे. माझ्याकडे कपडे टाकणाऱ्या बायकांत पाच जणी अशा आहेत की त्यांच्याकडे काहीच नाही. एकीची फारकत शंभराच्या स्टॅम्पवर झाली, भावकीची बैठक बसली, चार जणांनी सह्या केल्या, संपलं. दुसरीला नवऱ्यानं दिवाळीला माहेरी सोडलं आणि परत नेलंच नाही, त्याला आता अकरा वर्षं झाली, त्यानं दुसरी बायको केली. तिसरी तर कोर्टाची पायरीही चढलेली नाही, कारण धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. यांनी कुठल्या आदेशाची प्रत आणायची? 2011 च्या जनगणनेत देशात घटस्फोटित माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास भरली आणि नुसतीच विभक्त राहणारी त्यांच्या अडीच पट. दोन्हींत बायका पुरुषांपेक्षा जास्त, कारण पुरुषाचं दुसरं लग्न होऊन जातं. म्हणजे टाकलेल्या बायकांत बहुतेक बिनकागदाच्याच. आपल्या योजनेच्या यादीत परित्यक्ता हा शब्द आहे. तो छापताना या बायका दिसल्या असतील, तर केवायसीच्या वेळी कुठं गेल्या?

हा प्रश्न आजचा नाही. संगमनेरला 1988 साली परित्यक्तांची परिषद झाली होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला तिच्या नावाचं रेशन कार्ड द्या, यासाठी तेव्हाच्या बायकांना रस्त्यावर यावं लागलं. माझी आई हे सांगायची, कारण आमच्या आत्यानं त्या काळात भावाच्या कार्डावर नाव लावून घेण्यासाठी भावजयीचे पाय धरले होते. तेव्हा कार्डासाठी नवरा लागायचा, आता ओटीपीसाठी लागतो.

विधानसभेच्या निवडणुकीत 2,100 चं वचन दिलं होतंत. ते आलं नाही. खरं सांगते, वरच्या 600 रुपयांचं मी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण आता हातचे 1,500 ही गेले, म्हणून ते वचनही आठवतं.

कुणी म्हणेल, संजय गांधी निराधार योजना आहे की. घटस्फोट झालेल्या आणि पोटगी न मिळणाऱ्या बायकांना ती आहे, हे मला माहीत आहे. मी 2022 ला अर्ज केला होता. तिथं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं. महिन्याला 1,750. तेवढ्यात दोन जिवांचं तेल-मीठ तरी भागतं का, हे कुणी बघितलं आहे? समोरचे साहेब म्हणाले, "बाई, शिवणकाम करता ना, मग निराधार कशा?" मशीन विकून या, असंच ते सांगत होते. मी अर्ज परत घेतला.

आता पोटगीचं ऐका. मला आणि मुलाला मिळून महिना 4,500 चा हुकूम मार्च 2019 ला झाला. नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा असं कायद्यात लिहिलं आहे, मला 14 महिने लागले. डिसेंबर 2025 पर्यंत 82 महिने झाले, म्हणजे 3,69,000 रुपये. मिळाले 63,000. बाकीच्यासाठी दर वर्षी वसुलीचा नवा अर्ज करायचा, कारण वर्ष उलटून गेलं की मागच्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही. हे मला पहिल्या वकिलांनी सांगितलंच नाही, त्यात माझी दोन वर्षं बुडाली. वॉरंट निघतं, पोलीस ठाण्यात जातं आणि शेरा मारून परत येतं: सदर इसम राहत्या पत्त्यावर मिळून आला नाही. मागच्या चैत्रात हा शेरा आला, त्याच आठवड्यात स्टँडसमोर गावच्या यात्रेचा फ्लेक्स लागला होता. खालच्या ओळीत डावीकडून तिसरा फोटो त्याचा, गळ्यात सोन्याची चेन. मी त्या फ्लेक्सचा फोटो काढून कोर्टात दिला. पुढची तारीख मिळाली.

2020 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मालमत्तेचं आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं. चांगलं झालं. पण त्याची साडेतीन एकर सासऱ्यांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर, डेअरीचं खातं सासूच्या नावावर. प्रतिज्ञापत्रात तो शेतमजूर आहे.

त्या डेअरीच्या खात्याबद्दल मला बोलायचंच आहे. मी 2007 ला नांदायला गेले तेव्हा त्या घरात दोन म्हशी होत्या. नोव्हेंबर 2016 ला पोराला घेऊन बाहेर पडले तेव्हा सात होत्या. साडेनऊ वर्षं पहाटे चारला शेण काढलं, धारा काढल्या, बाळंतपणाच्या आदल्या दिवशीपर्यंत वैरणीचा भारा डोक्यावर होता. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी व्हायचं, त्यातला रुपया माझ्या नावावर पडला नाही. घटस्फोटाच्या निकालात त्या म्हशींचा शब्द नाही, कारण कायद्यातच नाही. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा वाटा धरणारं विधेयक 2013 ला राज्यसभेत मंजूर झालं होतं. पुढच्या वर्षी लोकसभेची मुदत संपली, विधेयकही संपलं. शेजारी गोव्यात लग्न झालं की मालमत्ता दोघांची समाईक होते आणि मोडलं तर निम्मं बायकोचं. सावंतवाडीहून बांदा ओलांडला की बाईचा वाटा आहे, अलीकडे नाही. आम्ही अलीकडच्या.

आणि ज्याचा कुठं अर्ज करता येत नाही, तेही लिहिते. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात? खरं सांगितलं तर खोली नाही. सात वर्षांत चार खोल्या बदलल्या. हळदीकुंकवाला शेजारीण लेकराच्या हातून वाण पाठवून देते, घरात बोलावत नाही. मला रक्तदाबाची गोळी 38 व्या वर्षी सुरू झाली. तारखेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, आणि तारखा इतक्या, की कुठली रात्र आदली नाही हेच कळत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नका." मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी बाहेरची रांग थांबवून मला पाणी दिलं. इतक्या वर्षांत सरकारी खुर्चीवरच्या माणसानं मला दिलेली ती एकच गोष्ट.

आपण बहीण म्हटलंत, म्हणून हक्कानं मागते. तो पतीच्या आधारचा रकाना घटस्फोटित, टाकलेल्या आणि विधवा बायकांसाठी कायमचा काढा. बाईचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि गावातल्या दोन बायकांची साक्ष पुरेशी धरा, अंगणवाडीच्या ताईंना सगळ्या गावाचं खरं-खोटं माहीत असतं. आणि पोटगीचा हुकूम झाला की ती रक्कम सरकारनं आम्हाला द्यावी, त्याच्याकडून सरकारनंच वसूल करावी. पीककर्जाच्या थकबाकीला त्याच्या घरी बँकेचा माणूस जातो, वीजबिल थकलं तर तार तोडतात, तेव्हा तो राहत्या पत्त्यावर मिळून येतो. माझ्याच पैशांसाठी मिळत नाही.

22 तारखेला वसुलीच्या अर्जाची पुढची तारीख आहे. 25 पर्यंत क्लासची फी भरायची आहे, दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. पोराला अजून सांगितलेलं नाही की हप्ता थांबला. त्याला वाटतं आई रात्री बारापर्यंत मशीनवर बसते ती लग्नसराई आहे म्हणून.

माझं नाव इथं लिहीत नाही, ते मुलाच्या वर्गात पोचेल. अर्जाचा क्रमांक आणि अंगणवाडीच्या ताईंची सही असलेलं वहीचं पान आपल्या कार्यालयाला टपालानं वेगळं पाठवलं आहे.

आपली विश्वासू,
एक घटस्फोटित शिवणकाम करणारी