स्पीडस्टरच्या कातडीतली बीटल

कॉव्हेंट्री
१२ ऑक्टोबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि तू घेऊ बघतोयस त्या स्पीडस्टरच्या नकलेचे, म्हणजे किट गाडीचे (सुट्या भागांतून हातानं जोडलेल्या) फोटो मिळाले. रंग सुरेख आहे. वॉटफर्ड ते सेंट ऑल्बन्स रोज ऑफिसला याच गाडीनं जायचा तुझा बेत मला वेडेपणाचा वाटत नाही. जमतं. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर: तू पोर्शे घेत नाहीयेस, फोक्सवॅगन बीटल घेतोयस. पोर्शेची खरी ३५६ स्पीडस्टर १९५४ ते १९५८ या काळातली, पत्र्याच्या अंगाची. तुझ्या गाडीचं अंग फायबरग्लासचं. त्याखाली चासी (खालचा लोखंडी सांगाडा) बीटलची, १५८४ सीसीचं इंजिन बीटलचं आणि ब्रेकही बीटलचे. देखभाल करायची ती दिसणाऱ्या गाडीची नाही, आतल्या गाडीची.

पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवायला लाव. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४०० मिमी, ३५६ चा २१००. म्हणजे बीटलची चासी मधून सुमारे ३० सेंमी कापून पुन्हा जोडलेली असते. तो आडवा जोड साधारण सीटच्या खाली येतो. वेल्डिंग सलग आहे की ठिपक्या-ठिपक्यांचं, जोडावर लोखंडी पट्टी दिली आहे का, मधला बोगदा, ज्यातून गिअरचा दांडा आणि केबली जातात, तो सरळ जुळला आहे का, हे बघ. फायबरग्लास गंजत नाही म्हणून लोक निश्चिंत राहतात आणि खालची चासी हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर मुकाट्यानं सडते. पुढचा बीम (पुढची चाकं धरणारा आडवा दांडा) जिथे चासीला बोल्टनं बसतो तो भाग आणि बॅटरीखालचा पत्रा जाड स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ. आवाज खणखणीत यायला हवा. घेतल्यावर पहिलं काम म्हणजे खालून धुऊन, पूर्ण वाळवून, पोकळ भागांत मेणाचा फवारा. हे पाऊस-मीठ सुरू होण्याआधी, म्हणजे याच महिन्यात.

फायबरग्लासचा दुसरा त्रास विजेचा. पत्र्याच्या गाडीत दिव्याचा करंट अंगातूनच बॅटरीकडे परत जातो. इथे अंगातून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, वायपरच्या मोटरला अर्थची स्वतंत्र तार लागते. जर्मन वायरिंगमध्ये ती तपकिरी. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मंद होतो, ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचं काहीतरी उजळतं, असले भुताटकीचे प्रकार दहातल्या नऊ वेळा अर्थचेच असतात. पुढे एक आणि मागे एक पितळी पट्टी बसव, सगळ्या तपकिरी तारा तिथे आण आणि तिथून एक जाड तार चासीला, जिथे रंग खरवडून लोखंड उघडं केलंय तिथे. गिअरबॉक्सपासून चासीपर्यंतची विणलेली पट्टीही बघ. ती तुटली असेल तर स्टार्टर अडखळतो आणि करंट वाट शोधत क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून जातो. (तुला आठवत असेल, अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हन या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या धाटणीची रोडस्टर बनवली. तिचंही अंग फायबरग्लासचं, त्यामुळे हा नियम तिलाही लागू.)

आता इंजिन. सगळ्यात जास्त जीव इथेच लाव, कारण किट गाड्यांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हे इंजिन हवेवर थंड होतं. पंखा वरून थंड हवा ओढतो, सिलिंडरांवरून खाली ढकलतो. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवायला इंजिनभोवती पत्रे आणि कडेला रबराची पट्टी असते. बीटलच्या अंगात हे सगळं चपखल बसतं. फायबरग्लासच्या अंगात ते कुणीतरी हातानं बसवलेलं असतं, आणि बोटभर फट राहिली तरी खालची गरम हवा परत वर येऊन पंखा तीच ओढतो. इंजिन तापतं आणि कारण कळत नाही. रात्री इंजिनच्या कप्प्यात वरून टॉर्च धर आणि खाली जमिनीवर उजेड पडतो का बघ. जिथे पडतो ती फट बंद कर. स्पीडस्टरच्या मागच्या झाकणाची जाळीही लहान असते. उन्हाळ्यात मोटरवेवर झाकण थोडं वर उचलून धरणारे स्पेसर लावतात, ते उगाच नाही.

तापण्याचा पहिला बळी तिसरा सिलिंडर. जुन्या पंख्याच्या डब्यात ऑइल कूलर त्याच्याच वाटेत उभा असतो, त्यामुळे त्याला हवा कमी आणि गरम मिळते. ऑइल कूलर वेगळ्या कोनाड्यात नेलेला १९७१ नंतरचा डबा असेल तर फार बरं. टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) ०.१५ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी. दर ३००० मैलांना ऑइलबरोबरच तपास. अंतर वाढलं तर खडखड ऐकू येते, त्याची भीती नाही. अंतर कमी होत चाललं तर घाबर: एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा ताणला जातोय किंवा तो जिथे टेकतो ती कडा झिजतेय, आणि शेवटी व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये घुसतं. प्रत्येक वेळचं अंतर वहीत लिहून ठेव. एका व्हॉल्व्हचं दोन वेळा लागोपाठ घट्ट झालेलं दिसलं की सिलिंडरचं हेड उतरवायची वेळ आली.

ऑइल फक्त अडीच लिटर, आणि मूळ इंजिनला फिल्टर नाही, नुसती जाळी. म्हणून ३००० मैल ही मर्यादा पाळायचीच. जाळीच्या झाकणाचे सहा नट हलक्या हातानं आवळ. जोर लावलास तर स्टड सुटून येतात आणि मग गळती कायमची.

तुझा रस्ता सात-आठ मैलांचा आहे, आणि तोच मला थोडा खटकतो. तेवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही, आतलं पाणी उडून जात नाही आणि ऑइलच्या तोंडाशी पिवळट मलईसारखा थर जमतो. म्हणून दोन गोष्टी. पहिली, थर्मोस्टॅट आणि पंख्याच्या डब्यातली झापडं जागेवर असायलाच हवीत. पुष्कळ लोक ती काढून टाकतात, ‘थंड राहील’ म्हणून. उष्ण देशातही ते चूक, इंग्लंडच्या नोव्हेंबरमध्ये तर घोडचूक. दुसरी, आठवड्यातून एकदा तीसेक मैल सलग चालव. दमट थंडीत पाच-दहा मिनिटांनी गाडी अचानक मरगळली आणि उभी केल्यावर दोन मिनिटांत पुन्हा नीट झाली, तर कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) गळ्यात बर्फ धरतोय. मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या, खालची गरम नळी काजळीनं बुजलेली असते, ती मोकळी करून घे.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा चालताना लागला, तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नकोस. तो दिवा म्हणजे डायनॅमो वीज बनवत नाहीये. इंजिनच्या पट्ट्यावर डायनॅमो फिरतो आणि डायनॅमोच्या मागच्या टोकाला पंखा. पट्टा तुटला म्हणजे इंजिन थंड करणारी हवाच बंद. जागच्या जागी थांब. पट्टा बदलायला २१ मिमीचा पाना आणि पुलीच्या खाचेत अडकवायला एक जाड स्क्रूड्रायव्हर पुरतो. अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा दीड सेंमी दबावा. ढिला असेल तर पुलीच्या दोन फाकांमधली एक चकती काढून बाहेरच्या बाजूला लाव, फेकू नकोस.

पेट्रोलबद्दल मी कडक बोलणार आहे. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबराच्या नळ्या ते आतून खातं. ई५ चं सुपर पेट्रोल भर, आणि सगळ्या नळ्या बदलून इथेनॉल सोसणारी आर९ दर्जाची नळी घाल, क्लिपसकट. इंजिनच्या कप्प्यात डिस्ट्रिब्युटरवर (ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागावर) लोंबणारा पेट्रोल फिल्टर दिसला तर तो काढून खाली गिअरबॉक्सजवळ ने. कार्ब्युरेटरमध्ये ठोकून बसवलेली पितळी नळी हातानं हलवून बघ, हलली तर ती एक दिवस निसटणार. गरम इंजिनावर पेट्रोल सांडलं की काय होतं हे सांगायला नको, आणि फायबरग्लास एकदा पेटला की सहजासहजी विझत नाही. दोन किलोचा अग्निशामक सीटपाशी ठेव, मागे नको.

पावसाचं म्हणशील तर ही गाडी पूर्ण कोरडी कधीच राहणार नाही. टप आणि बाजूच्या पडद्यांच्या सांध्यातून दाराशी पाणी येतं. जाड गालिचा काढून रबरी मॅट टाक आणि तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेव. ओला टप दुमडायचा नाही, बुरशी धरते. कडक थंडीतही नाही, मागची प्लॅस्टिकची काच तडकते. हीटर म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या कवचातली (हीट एक्सचेंजरमधली) गरम हवा, तीही जेमतेम. त्या हवेला धुराचा वास आला तर हीटर बंद आणि हीट एक्सचेंजर तपासून घे. त्या धुरातला वायू प्राणघातक असतो.

चालवताना एकच लक्षात ठेव: इंजिन मागे, व्हीलबेस आखूड, आणि बऱ्याच बीटल चासींना मागे स्विंग अ‍ॅक्सल, म्हणजे फक्त गिअरबॉक्सपाशी झुलणारा चाकाचा दांडा. ओल्या राउंडअबाउटवर वळणाच्या मध्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन काढलास तर मागची बाजू पुढे यायला बघते. वेग आधी कमी कर, वळणात पाय हलका पण टेकलेला ठेव. हवा पुढे १८, मागे २७ पीएसआय, रेडियल टायरला. मागच्या चाकाचा ३६ मिमीचा नट २१७ फूट-पाउंडांनी आवळलेला आणि पिन घातलेली असायला हवी. ढिला राहिला की ड्रमच्या आतले दाते खाल्ले जातात.

कागदांत एक बघ. चासी कापलेली असेल तर गाडी नोंदणीत नुसती ‘बीटल’ असून चालणार नाही. आयव्हीए (एकेका गाडीची मंजुरीची तपासणी) झाली आहे का आणि क्यू नंबर (मूळ ओळख नक्की नसलेल्या गाड्यांचा) आहे का, हे विचार. क्यू नंबरला ४० वर्षांवरच्या गाड्यांची सवलत सहसा मिळत नाही, म्हणून तसा नंबर असला तर एमओटी (रस्त्यावर चालवायला लायक असल्याची तपासणी) दरवर्षी. सेंट ऑल्बन्स लंडनच्या हद्दीबाहेर आहे, पण गणपतीला लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात याच गाडीनं जाशील तर युलेझचे (लंडनमधल्या जुन्या, धुराच्या गाड्यांवरच्या शुल्काचे) १२.५० पौंड त्या दिवसाला धर. विम्यात रोज ऑफिसला जाणं लेखी घालून घे. हौशी गाड्यांच्या स्वस्त पॉलिसीत ते बरेचदा वगळलेलं असतं.

डिकीत एवढं कायम असू दे: पट्टा, अ‍ॅक्सिलरेटरची आणि क्लचची केबल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, आठ अँपिअरचे फ्यूज, अर्धा मीटर पेट्रोलची नळी, दिव्यांचे दोन बल्ब आणि ऑइलचा एक डबा.

आगाऊ रक्कम देण्याआधी मला तीन फोटो पाठव: खालून तो आडवा जोड, इंजिनभोवतीचे पत्रे वरून, आणि पेट्रोलची नळी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत. बघून लगेच कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू