परिपाठात हात जोडणं ऐच्छिक आहे, हे शासनाने लिहून द्यावं

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. त्या शाळांवर माझा जीव आहे, म्हणूनच हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

आपल्या अनेक सरकारी शाळांच्या दर्शनी भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी असतात. कुठे परिपाठात आरती होते, कुठे सणाच्या निमित्ताने पूजा. यामागे बहुधा कुणाचा वाईट हेतू नसतो. तसबीरही गावाने लोकवर्गणीतून दिलेली असते. पण भिंत शासनाची आहे, आणि मुलांना ओळीत उभं करून ‘हात जोडा’ म्हणणारे शिक्षकही शासनाचे.

संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये पहिलंच बंधन आहे: जी शिक्षणसंस्था पूर्णपणे राज्याच्या पैशातून चालते, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिल्हा बोर्डाच्या शाळेचाच दाखला दिला होता. कर सगळ्यांकडून घ्यायचा, तर शिकवण एकाच धर्माची कशी देणार? आणि प्रत्येक धर्माची सोय करायची, तर बोर्डाने वर्ग तरी किती भरवायचे? जिल्हा बोर्डांची जागा पुढे जिल्हा परिषदांनी घेतली. प्रश्न मात्र तोच राहिला.

यावर उत्तर मिळतं, ‘तसबीर म्हणजे काही धार्मिक शिक्षण नव्हे.’ निव्वळ तसबिरीबद्दल त्या अनुच्छेदात स्पष्ट शब्द नाही, हे मान्य. पण त्याचंच तिसरं कलम वाचावं. खासगी अनुदानित शाळेतसुद्धा धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी संमती लागते, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती पालकांची लागते. अनुदानित शाळेला जे करता येत नाही, ते संपूर्ण सरकारी शाळेला कसं करता येईल?

न्यायालयांनीही वाट दाखवली आहे. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. प्रत्यक्ष राष्ट्रगीत गाण्याची सक्ती जिथे टिकली नाही, तिथे आरतीची कशी टिकेल? नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला होता; २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. शिक्षकाला हे संरक्षण असेल, तर सात वर्षांच्या मुलीला ते आधी हवं.

संमतीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. ‘कुणाही पालकाने हरकत घेतली नाही,’ असं मुख्याध्यापक सांगतात, आणि ते खरंही असतं. पण हरकत घ्यायची कुणी? गावात ज्यांच्या धर्माचं एकच घर आहे, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाऊन ज्यांचं पोट चालतं, ते आईबाप शाळेत येऊन गावाने दिलेल्या तसबिरीबद्दल बोलतील? ते गप्प राहतात, आणि आपण त्याला संमती म्हणतो. मूल तर बोलूच शकत नाही. सगळ्यांचे हात जोडलेले आणि आपले नाहीत, हे त्याला आणि शेजारच्या मुलांना तत्क्षणी कळतं. शाळा व्यवस्थापन समितीने बहुमताने ठराव केला, तरी यात फरक पडत नाही. मूलभूत हक्क ठरावाने काढून घेता येत नाहीत.

यातलं काहीही श्रद्धेच्या विरोधात नाही. बंधन शासनावर आहे, मुलावर नाही. त्याच्या कपाळावरचा टिळा किंवा गळ्यातला ताईत हा त्याचा प्रश्न. धर्मांविषयी शिकवायलाही आडकाठी नाही. अरुणा रॉय खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मांचा अभ्यास आणि धार्मिक शिक्षण यांत फरक केला आहे. तुकोबांचे अभंग, बुद्धाचा उपदेश, सुफी संतांच्या कथा वर्गात आल्याच पाहिजेत. त्या समजून घेण्यासाठी, त्यांची पूजा करण्यासाठी नव्हे.

आज प्रत्येक मुख्याध्यापक हा निर्णय एकटा घेतो. तसबीर काढली तर गाव रागावतं, ठेवली तर संविधान आड येतं. त्याला एकटं सोडू नका. एक स्पष्ट शासन निर्णय काढा: सरकारी शाळेच्या परिपाठात पूजा-आरती होणार नाही, कोणत्याही धार्मिक कृतीत भाग न घेणाऱ्या मुलाला वा शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही, आणि दर्शनी भिंतीवर कोणत्याही एका धर्माची चिन्हं नसतील. २६ जानेवारी २०२० पासून शाळांनी परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचावी, असे आदेश आपल्याच विभागाने दिले आहेत. हा निर्णयही तसाच गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रत्येक शाळेत पोहोचवावा आणि व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवायला सांगावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका