थाळनेरच्या खेळाला सूत्रधार हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन गेमच्या नादात कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर येतात, आणि त्या यायलाच हव्यात. आमच्या गल्लीतही असं एक घर आहे. पण त्या बातमीनंतर चौकात, एसटीत, हळदीकुंकवाला जे बोलणं होतं त्यात 'मोबाइलवरचे सगळेच खेळ बंद करा' यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि तिथे मला गप्प राहवत नाही. मी धरणगावला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. गेली काही वर्षं टेलिग्रामवर एक खेळ चालवते. त्यात चित्र नाही, आवाज नाही, गोळीबार नाही, एक रुपयाही लावायचा नाही. फक्त लिहायचं आहे, तेही मराठीत आणि अहिराणीत.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्यातसुद्धा पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे काढून त्यांच्यावर बंदी आहे, आणि ई-स्पोर्ट्स व करमणुकीचे, शिकण्याचे सामाजिक खेळ वेगळे धरले आहेत. कायद्याने केलेला हा फरक आपल्या बोलण्यात आणि बातम्यांच्या मथळ्यांत अजून उतरलेला नाही. मथळ्यात 'पैशांचा गेम' असा एक शब्द जास्त पडला, तरी आमच्यासारख्यांचं घरातलं निम्मं भांडण मिटेल.

खेळ कसा चालतो ते सांगते. साल 1600. अकबर बुऱ्हाणपुरात येऊन बसला आहे, जवळच्या असीरगडाला वेढा पडला आहे, गडावर खानदेशच्या फारुकी घराण्याचा शेवटचा राजा बहादूरशाह आहे. आमची मंडळी यातल्या कुठल्याच दरबारात नसतात. ती असतात तापीकाठी थाळनेरला, सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणाऱ्या वाटेवर. कोणी नावाडी, कोणी कापसाचा अडत्या, कोणी सराईतली, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेतली, चूल सांभाळणारी विधवा, कोणी किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी. प्रत्येकाने आपलं एक पात्र घ्यायचं आणि ते पात्र काय बोललं, काय केलं ते पाच-सात ओळींत लिहायचं. पुढचा त्याला उत्तर लिहितो. सूत्रधार प्रसंग पुढे सरकवतो: नदीला पूर आला, फौजेसाठी धान्य उचलायला माणसं आली, सराईत एक जखमी घोडेस्वार उतरला. जिथे जमेल की नाही अशी शंका असते, तिथे फासा टाकायचा. टेलिग्रामवर फाशाचं चित्र पाठवलं की आकडा आपोआप पडतो, तो कोणाच्या हातात नसतो, त्यामुळे भांडण नाही.

हे काही नवं खूळ नव्हे. कागदावर आणि फाशांवर पात्रं खेळवण्याचा पहिला छापील खेळ अमेरिकेत 1974 साली गायगॅक्स आणि अर्नेसन या दोघांनी काढला. चार वर्षांनी इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ आणि बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी मिळून एकाच जगात वावरायचा संगणकावरचा खेळ केला, आणि तोही निव्वळ अक्षरांचा होता. आज पडद्यावर लाखो लोक एकत्र खेळतात ते चकचकीत खेळ त्याचीच नातवंडं-पतवंडं आहेत. आपल्या भागाला अक्षरांचा खेळ परवडतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धडगावच्या डोंगरात जिथे साधा व्हिडिओ उघडत नाही, तिथून आमचे एक शिक्षक लिहून ठेवतात आणि उतारावर नेटवर्क आलं की पाठवतात. यावलकडचा एक मुलगा रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात विहिरीवर बसून लिहितो. केळीला पाणी भरता भरता त्याचा पहारेकरी थाळनेरच्या बुरुजावर जागत असतो. त्याचं लेखन त्या आठवड्यात फार चांगलं होतं, हे मी त्याला सांगितलंही आहे.

सुरुवात व्हॉट्सॲपवर केली होती. तिथे गटातल्या प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलींना हे नको असतं, आणि त्यांच्या आयांना तर त्याहून नको असतं. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो आणि पात्राच्या नावाने वावरता येतं, म्हणून तिकडे गेलो. दोन गट ठेवले. एकात फक्त खेळ. दुसऱ्याचं नाव 'ओटा', तिथे आपण आपल्या खऱ्या आवाजात बोलायचं: परीक्षा आहे, आजी आजारी आहे, कालचा प्रसंग मला झेपला नाही, मला राग आला. ओट्यावरचं खेळात न्यायचं नाही आणि खेळातलं भांडण ओट्यावर आणायचं नाही. अठराच्या आतल्या मुलांना पालकांशी फोनवर बोलल्याशिवाय घेत नाही, आणि त्यांच्याशी कोणा मोठ्या माणसाने खासगी निरोपात बोलायचं नाही. हा नियम एकदा मोडला तरी माणूस बाहेर. या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

नवीन माणसाचं काय होतं त्यावर सगळा गट टिकतो किंवा विटतो. लोक मला विचारतात, जाहिरात करता का, लिंक किती ठिकाणी टाकली. लिंक टाकून माणसं येतात, दोन दिवस बघतात आणि निघून जातात. नवख्याने भीत भीत पहिल्या चार ओळी लिहिल्या आणि कोणाच्याच पात्राने त्याच्या पात्राकडे मान वळवली नाही, तर पंगतीत पाट मिळाला पण वाढपी आलाच नाही अशी त्याची गत होते. तो परत येत नाही, आणि का येत नाही हे सांगतही नाही. म्हणून प्रत्येक नव्या पात्रासाठी आम्ही एक यजमान नेमतो. यजमानाने त्याच रात्री त्याला खेळात उत्तर द्यायचं, आणि उत्तर असं द्यायचं की त्याला पुढे काही करता यावं. 'बरं' म्हणून सोडून द्यायचं नाही. 'कोठे चालना रे भाऊ?' असं विचारलं की तो बोलतोच. शुद्धलेखन दुरुस्त करायचं नाही. पहिल्या महिन्यात तर अजिबात नाही. इंग्रजी शाळेत शिकलेली पोरं ऱ्हस्व-दीर्घाच्या धास्तीने मराठी लिहीत नाहीत, ती इथे आधी लिहू दे. पुढे आपणहून विचारतात.

एका प्रसंगात सहा-सातच्या वर माणसं झाली की वाचता वाचता धागा हरवतो, कामावरून रात्री आलेल्याला शंभर निरोप दिसतात आणि तो ते न वाचताच झोपतो. तेव्हा आम्ही दुसरा फड उभा करतो. कोणी चोपड्याच्या वाटेला लागतं, कोणी तापी ओलांडून नंदुरबारच्या बाजाराला. गट मोठा करायचा तो असा, फड वाढवून. आज सगळे मिळून चाळीसेक जण नियमित लिहितात.

आणखी एक नियम आहे, आणि त्यावर मी कितीही वाद घालायला तयार आहे. इतिहासातली खरी माणसं कोणी पात्र म्हणून घ्यायची नाहीत. अकबर नाही, बहादूरशाह नाही, पुढे खेळ शिवकाळात नेला तर त्यातलेही कोणी नाहीत. त्यांच्याबद्दल बाजारात बोलणं होईल, फौज लांबून धूळ उडवत जाईल, इतकंच. आपल्याकडे आज इतिहासाच्या नावाने लोक एकमेकांच्या अंगावर जातात. राजा खेळायला मिळाला की पहिल्याच आठवड्यात कोणाचा राजा मोठा यावर येतं. नावाडी खेळायला मिळाला की माणूस विचारतो, पाऊस किती झाला, होडीला डांबर कोण देतं, फौज गेल्यावर माझ्या पोरांना ज्वारी उरेल का. गल्लीतल्या दोन वेगळ्या पक्षांचे, वेगळ्या जातींचे, वेगळ्या धर्मांचे लोक एका होडीत बसून पूर ओलांडताना मी वाचले आहेत, त्यांना एकमेकांची खरी नावंही माहीत नव्हती.

सुरुवातीला खेळात भिल्ल आले की ते वाट अडवायलाच येत. नवापूरकडच्या एका कॉलेजच्या मुलीने ओट्यावर स्पष्ट लिहिलं, 'आमची माणसं तुमच्या गोष्टीत फक्त झुडपातूनच का निघतात?' तिला मी सूत्रधार केलं. सातपुड्याच्या घाटातला फड आता ती चालवते. तिथे वाटा कोणाच्या, वाटाड्याचा हक्क किती, व्यापाऱ्याने शब्द मोडला तर काय, हे सगळं येतं, आणि त्या फडात जागा मिळवायला लोक थांबून असतात.

वाचन कमी झालं म्हणतात त्यांना मी भरिताचा वाद वाचायला देईन. सराईतल्या विधवेने पाहुण्यांना भरीत वाढलं, हिरवी मिरची ठेचून. फैजपूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, मिरची तर अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, 1600 साली थाळनेरच्या चुलीवर ती होती का? पक्कं कोणालाच सांगता येईना. मग भरितात तिखट काय घालायचं? मिरी, आलं, लसूण असं करत आठवडाभर चर्चा चालली, कोणी ग्रंथालयात जाऊन जुनी गॅझेटियरं, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीची सरकारी पुस्तकं, चाळली, कोणी घरी मिरी-आल्याचं भरीत करून पाहिलं. शेवटी विधवेच्या हातची मिरची काढली आणि पाहुण्याने मिरीच्या भावाची तक्रार केली. असंच एकदा कोणीतरी चहा आणला होता, तो परत पाठवला. पुढच्या सुट्टीत पाच-सहा जण थाळनेरला फारुकी राजांच्या कबरी बघून आले. खेळात आपण राहतो ते गाव शिरपूर तालुक्यात खरंच आहे, तापीच्या काठावर, आणि त्या घुमटांची काळजी घ्यायला हवी, हे त्यांना कोणी भाषणात सांगितलं नव्हतं. असीरगड जिंकल्यावर अकबराने मुलाच्या, दानियालच्या नावावरून खानदेशाचं 'दानदेश' केलं होतं, हेही मला त्या पोरांनीच सांगितलं.

आता माझी अडचण. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की माझ्या हातात रात्रीचे दहा वाजेपर्यंत वजनाच्या पावत्या असतात. म्हणून खेळ एका माणसावर टांगलेला ठेवायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. प्रत्येक फडाला दोन सूत्रधार, एक थकला की दुसरा. सूत्रधाराला फार लिहावं लागत नाही, त्याला ऐकावं लागतं. गप्प कोण झालं, कोण दुसऱ्याच्या पात्राला आपल्या मनाने नाचवतंय, कोणाला आज प्रसंगात जागा हवी आहे, हे ओळखावं लागतं. असे लोक कमी पडतात. अहिराणी लिहिणारे त्याहून कमी. आमच्या पोरांना अहिराणी कळते, पण 'शे' आणि 'से' (म्हणजे 'आहे') च्या पुढे गेलं की ती अडखळतात. यावल-रावेरकडची लेवा बोली लिहिणारी तर आमच्यात एकच आजी आहे. त्या सांगतात आणि नात टाइप करते. त्यांच्या पात्राने जात्यावर काही म्हटलं की त्या रात्री बाकी कोणाला लिहायचं सुचत नाही.

म्हणून आपल्या पानावरून दोन विनंत्या करते. खानदेशातल्या तालुका ग्रंथालयांनी रविवारी संध्याकाळी वाचनकक्षाची एक बाजू दोन तास द्यावी. मुलं आपापल्या मोबाइलवर लिहितील, गोंगाट नाही, खर्च नाही, आणि जुनी गॅझेटियरं हाताशी असतील. पालकांनी शेजारी बसून काय लिहिलं जातं ते वाचावं, आम्हाला ते हवंच आहे. दुसरी विनंती निवृत्त शिक्षकांना, आणि ज्यांच्या तोंडी अजून घरची बोली आहे अशा काकू-आजींना. टाइप करता येत नसेल तर बोलून पाठवा, आमची मुलं लिहून घेतील. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. इच्छुकांची पत्रं माझ्याकडे पाठवावीत ही विनंती. पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, तेव्हा नवीन सूत्रधारांना शिकवायला मला रोज संध्याकाळ मोकळी आहे. जूनमध्ये आणखी एक फड उघडायचा आहे, पांझरेच्या काठावर, आणि त्याला अजून एकही सूत्रधार नाही.

आपली,
एक वाचक,
धरणगाव, जि. जळगाव