अकरा महिन्यांसाठी वाईला चला

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा आई म्हणाली "बघू गं", आणि बाबांनी "तू जेवलीस का" विचारून फोन ठेवला. म्हणून लिहायला बसले. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. मी वाईला घर घेतलंय, भाड्याने, अकरा महिन्यांच्या करारावर. सही झाली, डिपॉझिट दिलं. तुम्हाला न विचारता केलं, ते मला आत कुठेतरी टोचतंय. रागवा, पण पत्र पुरं वाचून मग रागवा.

इमारत रिकामी करायची आहेच. नवीन घर हातात येईपर्यंत कुठेतरी भाड्याने राहावं लागणारच आहे, आणि ते डोंबिवलीतच असावं हा बाबांचा हट्ट मला कळतो. मीही आधी तिथेच शोधलं. सात घरं पाहिली. तळमजल्यावर एकही मिळालं नाही. बरं वाटलं ते चौथ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट रात्री बंद करतात. जिन्यातला तो प्रकार मला पुन्हा नकोय. त्या दिवशी मी पुण्याहून पोचेपर्यंत पाच तास गेले होते, आणि बाबा काय म्हणाले, "एवढ्या लांब कशाला आलीस?" त्या रात्री मी आईशेजारी झोपले होते, पण झोपले नव्हते.

मग मी छोटी गावं बघायला लागले. पहिलं नाव अर्थात सावंतवाडी. बाबा, तुमचा जीव तिथे आहे, ते मला माहीत आहे. मोती तलावाच्या कठड्यावर बसून तुम्ही मला राजवाडा दाखवला होता आणि चितारआळीतून लाकडी फळांची परडी घेऊन दिली होती. मी त्यातला आंबा खरा समजून चावले. तो दात उमटलेला आंबा आईने अजून शोकेसमध्ये ठेवलाय. पण पुण्याहून सावंतवाडी म्हणजे मला एक अख्खा दिवस. पुन्हा तेच झालं असतं, फोन येणार आणि मी रस्त्यात. औंधलाही जाऊन आले. भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेलं ते संग्रहालय, डोंगरावरची यमाई, आणि इतकी शांतता की बाबांना फार आवडलं असतं. पण रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर काय, याचं उत्तर मनासारखं मिळालं नाही. गुहागरचा समुद्र आईसाठी मनात होता. दमट हवेत तुझ्या गुडघ्यांचं काय होतं ते मागच्या वेळी पाहिलंय, म्हणून ते नाव मीच खोडलं.

वाई पुण्यापासून नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वळलं की आलंच. गावात सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टर आहेत, आणि मोठं काही लागलं तर सातारा पस्तीस किलोमीटर. हे सगळं मी स्वतः गाडी चालवून पाहिलंय, दिवसा एकदा आणि रात्री एकदा.

बाबा, तुमची हरकत मला ऐकू येतेय: "तिथे रेल्वे नाही." नाही. जवळचं स्टेशन वाठार. पण तुम्हीच सांगायचात ना, साहेबलोक महाबळेश्वरला जायला वाठारला उतरायचे आणि तिथून वाईवरून पसरणीचा घाट चढायचे म्हणून? रेल्वे नसली तरी एसटी आगार आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, आईला अर्धं तिकीट. मनात आलं की पाचगणी, बारा-तेरा किलोमीटर. कोणाला विचारायला नको, माझी वाट बघायला नको.

आणि तुमच्या कपाटातले विश्वकोशाचे खंड. पहिला खंड १९७६चा. त्या तपकिरी कव्हरवरून हात फिरवून तुम्ही म्हणायचात, एवढं मोठं काम मुंबई-पुण्यात नाही, वाईत बसून केलं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी. ते कार्यालय गंगापुरीत आहे. मी बाहेर उभी राहिले आणि तुमचीच आठवण आली. टिळकांच्या नावाचं जुनं ग्रंथालयही आहे. संध्याकाळी तुम्हाला कट्टा लागतो, तो तिथे जमेल असं मला वाटतं. जमायला वेळ लागेल, हेही मान्य आहे.

आई, आता तुझ्यासाठी. पहाटे मी घाटावर जाऊन बसले होते. कृष्णेला पाणी बेताचंच होतं. ढोल्या गणपतीचं देऊळ तू फोटोत पाहिलं असशील, रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं, आत एकाच दगडातली प्रचंड मूर्ती. पण मला त्याची मागची भिंत बघायची होती. ती माशाच्या आकाराची आहे, टोकदार, पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फुटून जावं म्हणून. मी हात लावून पाहिला. दगड गार होता, आणि खालच्या थरांवर पाण्याच्या जुन्या रेषा. एक आजी पितळी तांब्या घेऊन पायऱ्या उतरत होत्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तुझ्यासारख्याच. खाली पोचल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाकडची गं तू?" मला एकदम रडू आलं. किती वर्षांत असं कुणी विचारलंच नव्हतं.

थंडी सरता सरता तिथे कृष्णाबाईचा उत्सव असतो. सगळ्या घाटांचे उत्सव एकाच वेळी नसतात, पाळीपाळीने होतात. तेव्हा तू घाटावर असशील असं मी मनातल्या मनात चित्र काढून ठेवलंय. मेणवलीलाही नेईन, नाना फडणविसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेनंतर चर्चमधून आलेली ती मोठी घंटा दाखवायला. जेमतेम तीन किलोमीटर आहे.

वाईत सगळं गोड आहे असं नाही, ते लपवत नाही. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा बाजारात जायचं नाही. उन्हाळा तापतो. पाऊस मात्र महाबळेश्वरसारखा नाही, घाट उतरला की तो बराच ओसरतो. घर नदीकाठी घेतलेलं नाही, पुराची भीती बाळगू नका. तळमजला, दारात दोनच पायऱ्या, तिथे कठडा लावून घेतलाय. संडास कमोडचा करून घेतला, भिंतीला धरायला दांडा बसवला. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, ओटा आईच्या उंचीचा. बाबांची आरामखुर्ची पुढच्या पडवीत बरोबर मावते, मी फूटपट्टीने मोजलं. एक खोली माझी. सोमवार ते गुरुवार मी तिथूनच काम करणार आहे, ऑफिसशी बोलून झालंय. म्हणजे तुम्हाला कुठेतरी नेऊन सोडते आहे असं मनात आणू नका. आपल्या नानांच्या वेळी झालं तसं मी करणार नाही. कधीच नाही.

मला परवा तापात आठवलं, मला गोवर आला होता तेव्हा बाबा रात्रपाळी करून यायचे आणि दिवसभर माझ्या उशाशी बसून पंखा घालायचे, लाइट गेलेले असायचे. झोपायचात कधी हो तुम्ही?

आता नीट ऐका. माळ्यावरचं काही तुम्ही काढायचं नाही. स्टुलावर चढायचं नाही, आई, हे तुला सांगते आहे. पुस्तकं रद्दीत द्यायची नाहीत, सगळी येणार आहेत. ईसीजीची फाइल, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि पेन्शनची कागदं एका पिशवीत, ती ट्रंकेत टाकू नका. नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी डोंबिवलीला धावायला नको, मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, मी करून देईन. शेजारच्या काकूंना आईने स्वतः सांगायचं, दुसऱ्याकडून कळायला नको. त्यांना महिनाभर राहायला बोलव, चौथी खाट घेतली आहे.

अकरा महिन्यांनी नाही आवडलं तर करार पुढे वाढवायचा नाही. डोंबिवलीत तळमजला शोधायचं काम माझं, एक शब्द न बोलता करीन. आत्ता मात्र नाही म्हणू नका.

पंधरा तारखेला सकाळी सहाला गाडी घेऊन येते. सामानाचा टेम्पो मागून येईल. तुळशीची कुंडी टेम्पोत द्यायची नाही, आईच्या पायाशी ठेवू. आणि तो लाकडी आंबा कागदात गुंडाळून बाबांनी खिशात ठेवायचा.

तुमची,
चिमी