रविवारच्या बैठकीआधी जोडणी तपासून घ्या

सर्व सभासदांना नमस्कार. या रविवारी नवीन मंडळी आपापले पहिले आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) प्रकल्प आणणार आहेत, म्हणून ही आठवण.

आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या पिनला एलईडी थेट जोडू नका, मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर हवाच. पिनच्या ५ व्होल्टपैकी लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. उरलेल्या ३ व्होल्टमुळे करंट १४ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. पिनला २० पर्यंत चालतं. मोटर मात्र पिनवरून चालवायची नाही, ड्रायव्हर (मोटरला लागणारा जास्त करंट पुरवणारं सर्किट) लावा. मोटरला वेगळी बॅटरी दिलीत तर त्या बॅटरीचा ग्राउंड (ऋण टोक) बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. कोड बरोबर असूनही सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) नुसता थरथरत असेल तर आधी हाच ग्राउंड आणि बॅटरी तपासा.

ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. त्याच्या पिन ३.३ व्होल्टच्या, आणि एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची एको (सिग्नल बाहेर देणारी) पिन ५ व्होल्ट देते. एको आणि बोर्डाच्या पिनच्या मध्ये १ किलोओहमचा, आणि बोर्डाची पिन ते ग्राउंड २ किलोओहमचा रेझिस्टर लावा. दोन रुपयांच्या रेझिस्टरसाठी बोर्ड गमावू नका.

घरातल्या २३० व्होल्टवर चालणारं काहीही कृपया आणू नये. रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आपण १२ व्होल्टच्या दिव्यावर शिकू.

यूएसबी केबल डेटावाली आणा. नुसत्या चार्जिंगच्या केबलने संगणकावर बोर्डाचा पोर्ट दिसतच नाही.