वाघीण घ्यायची तर आधी छप्पर बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मॉडेल रेल्वेच्या छंदावरील आपल्या पुरवणीतील लेखात जुन्या अमेरिकी मालगाड्यांच्या वाघिणी (मालडबे) छोट्या प्रतिकृतींत 'हुबेहूब' मिळतात असे म्हटले आहे. मिळतात, पण एकाच साच्यातून काढून पाचपंचवीस रेल्वे कंपन्यांच्या रंगांत रंगवलेल्याच बाजारात जास्त. अमेरिकेतल्या नातेवाइकांकरवी वाघीण मागवली की ती परत करणे अवघड, म्हणून निरखायचे ते आधीच निरखावे.

नाव आणि रंग शेवटी बघायचे. आधी बघायचे छप्पर, दोन्ही टोकांच्या भिंती आणि उंची. पेनसिल्व्हेनिया रेल्वेची १९२४ पासूनची एक्स-२९ ही पोलादी बंद वाघीण आतून ८ फूट ७ इंच उंच. सुरुवातीच्या डब्यांची टोके सपाट पत्र्याची. १९३७ च्या प्रमाणित आराखड्याची वाघीण आतून १० फूट उंच, टोकांना आडव्या फुगीर पन्हळी. दोन्हींची लांबी साधारण ४० फूट, म्हणजे मॉडेलच्या एचओ मापात (मूळच्या १:८७) १४० मिलिमीटर. उंचीतला फरक मात्र या मापात जवळजवळ ५ मिलिमीटर पडतो आणि शेजारी ठेवताच डोळ्यात भरतो. पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीची १९४७ पासूनची पीएस-१ तर छपरावरच्या 'बो-टाय'च्या आकाराच्या ठशांवरूनच ओळखू येते. तो ठसा नसलेल्या डब्याच्या खोक्यावर पीएस-१ लिहिले असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

पडताळणी कशी करायची? डब्याच्या अंगावरचा क्रमांक घ्या आणि 'ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर' या डब्यांच्या छापील सूचीच्या त्या काळच्या अंकात शोधा. त्यात कंपनीवार, क्रमांकांच्या मालिकेनुसार आतली लांबी, रुंदी, उंची दिलेली असते. मग त्याच मालिकेचे छायाचित्र मिळवा, आणि तेही टोकाकडून काढलेले. विक्रेते बाजूचेच चित्र दाखवतात आणि चूक नेमकी टोकाला असते.

त्यानंतर डबा उलटा करा. १९३३ नंतरच्या एबी या हवेच्या ब्रेकचे सिलिंडर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन सुटे भाग दिसायला हवेत. सिलिंडर आणि टाकी एकाला एक जोडलेली दिसली तर तो जुना के ब्रेक; १९४७ साली बांधलेल्या डब्याखाली त्याला जागा नाही. चाके ३३ इंची, म्हणजे मॉडेलवर ९.६ मिलिमीटर. नेहमीची 'कोड ११०' चाके २.८ मिलिमीटर रुंद असतात. 'कोड ८८' २.२ मिलिमीटरची आणि मूळ चाकाच्या जास्त जवळची.

तयार मिळत नाहीत त्या वाघिणींचे, स्वतः जोडायचे रेझिनचे संच येतात. भाग आधी भांडी घासायच्या साबणाने धुवा. साच्यातला तेलकट थर राहिला तर रंगाचे पापुद्रे निघतात. प्लास्टिक जोडायचा सॉल्व्हंट रेझिनला धरत नाही, सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) हाच वापरा. ४० फुटी डब्याच्या मॉडेलचे वजन सुमारे १०६ ग्रॅम भरायला हवे, पण त्यासाठी शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात बसवू नका. शिसे आतल्या आत गंजून फुगते आणि कालांतराने डब्याच्या बाजू बाहेर ढकलल्या जातात.

आपला,
एक वाचक, ठाणे